आल्याची बिअर : एका खेपेला बाटली फुटली, दुसऱ्या खेपेला गॅसच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. फेब्रुवारीपासून घरी आल्याची बिअर, म्हणजे जिंजर बिअर, करतोय. तिच्यात बिअरला लागणारं माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) नाही, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलंही नाहीत. खरी बिअर करायची फार इच्छा होती, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती घरी करता येत नाही, म्हणून तो विषय सोडला. शिवाय सासरवाडी कोरेगाव तालुक्यातली, आलं घरचंच. सालीला हात लावला तरी बोटांना दिवसभर वास राहतो असं आलं घरात असताना ते नुसतं चहात घालायचं जिवावर येतं.

कृती अशी. बरणीत दोन कप नळाचं पाणी, त्यात रोज एक चमचा सालीसकट किसलेलं आलं आणि एक चमचा साखर. तोंडाला फडकं बांधायचं. पाच-सहा दिवसांत कडेला फेस धरतो, कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. याला आम्ही घरात विरजणच म्हणतो. मग दोन लिटर पाण्यात १५० ग्रॅम आलं ठेचून उकळायचं, २०० ग्रॅम गूळ विरघळवायचा, गार झालं की दोन लिंबं पिळायची, अर्धा कप विरजण गाळून घालायचं. बाटल्या भरून तीन दिवस बाहेर, मग फ्रीजमध्ये.

फेब्रुवारीच्या दोन्ही खेपा सुंदर झाल्या. मार्चअखेरीस तिसरी भरली आणि दुसऱ्याच रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात बार उडाल्यासारखा आवाज झाला. सरबताची चौकोनी बाटली होती, तिचा बुडाचा भाग तेवढा शिल्लक. एक काच पिठाच्या प्लास्टिकच्या डब्यात रुतून बसली होती. सकाळी त्याच कपाटाला टेकून धाकटी पोहे खात बसलेली पाहिली आणि पोटात गोळा आला.

चौथ्या खेपेला नवं विरजण लावलं. साखरेऐवजी पिवळाधमक गूळ आणि तासगावहून आलेला हिरवा बेदाणा मूठभर घातला, कारण द्राक्षाच्या सालीवर यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्मजीव, असतं असं वाचलं होतं. आठ दिवस झाले, एक बुडबुडा नाही. तरी तेच घालून बाटल्या भरल्या. नुसतं आल्याचं गुळवणी झालंय.

एकदा अति, एकदा काहीच नाही, हे का? आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं : पुढच्या आठवड्यात यात्रेला आत्या येतेय. ती माळकरी आहे. यात अल्कोहोल किती उतरतं? तिला दिलं तर चालेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

तुमच्या चौथ्या खेपेचं कारण बेदाण्यात आहे. हिरवा रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्याआधी लवकर वाळावीत म्हणून द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली असतात. वाइन करणारेसुद्धा नको ते जंतू दाबायला गंधकाचाच वापर करतात. मग तुमचं कोवळं विरजण कसं उठणार? आमच्याकडे बेदाण्याच्या शेडवर धुरी चालू असली की लांबूनही घसा खवखवतो.

पिवळ्या गुळाचंही तेच. रंग उजळायला काही ठिकाणी हायड्रोस नावाची पावडर टाकतात, त्यातही गंधकच. काळसर तपकिरी गूळ घ्या. बेदाणा हवाच असेल तर धुरी न दिलेला काळा घ्या, तोही उकळताना चवीपुरता. विरजणात फक्त आलं आणि साखर.

माणदेशी

कोरेगावचं आलं म्हणालात म्हणून विचारते, चौथ्या खेपेचं आलं बेण्यातलं उरलेलं तर नव्हतं ना? अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण असते, त्याआधी बेणं बुरशीनाशकात बुडवतात. तसलं असेल तर सगळं ओतून द्या. ते चहातही चालत नाही.

अर्धा_पेला

बाटली का फुटली ते सांगतो, जरा आकडेमोड आहे.

एक लिटर द्रवात साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की एक लिटर वायू तयार होतो. बाजारच्या बिअरमध्ये लिटरला अडीच लिटरच्या आसपास वायू असतो, कोल्ड्रिंकमध्ये साडेतीन-चार. म्हणजे चांगल्या फसफशीला लिटरमागे १० ते १५ ग्रॅम साखर आंबली की काम झालं. तुम्ही घातलाय १०० ग्रॅम गूळ. बाकीचा गोडीसाठी आहे हे यीस्टला कोण सांगणार? ते खात राहतं. सगळी साखर आंबली तर लिटरमागे वीस लिटरच्या वर वायू होईल, त्यापुढे कुठलीच काच टिकत नाही.

फेब्रुवारीत तुम्ही वाचलात ते थंडीमुळे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हाचे तीन दिवस म्हणजे आताचा जेमतेम दीड दिवस. कृतीत दिवस लिहून ठेवण्यात अर्थच नाही, बाटली काय सांगते ते बघायचं.

त्यासाठी दर खेपेला एक बाटली प्लास्टिकची, कोल्ड्रिंकची भरा. भरताना ती दाबली की चेपते. सकाळ-संध्याकाळ दाबून बघा. न उघडलेल्या कोल्ड्रिंकसारखी टणक लागली की त्याच मिनिटाला सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. माझं ऐकाल तर सध्या सगळ्याच प्लास्टिकच्या वापरा. काच हवी तर गोल, जाड, सोड्याच्या दाबासाठी बनवलेलीच. चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर ताण येतो, ती यासाठी नव्हेच. फ्रीजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही, तेव्हा आठवड्यात संपवा.

विरजणाचं पाणी उकळून गार करून घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला मारक असतं.

आता अल्कोहोल. साखरेचा अर्धा भाग वायू होतो, अर्धा अल्कोहोल. १२ ग्रॅम साखर आंबली तर सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. पण बाहेर राहून सगळा गूळ आंबला तर साडेपाच-सहा टक्के. मग तिच्यात आणि बिअरमध्ये फरक काय राहिला? मुलांना देत असाल तर हे लक्षात घ्या. मी माझ्या मुलांना ही देत नाही.

माणदेशी

आत्याबाईंना देऊ नका. पाऊण टक्का असो नाहीतर पाव, माळ त्यांची आहे, ठरवायचं त्यांनी. आणि नुसतं "आल्याचं सरबत" म्हणून तर मुळीच देऊ नका. तोच आल्या-गुळाचा काढा विरजण न घालता घट्ट आटवा, गार करा, लिंबू पिळा आणि पेल्यात साधा सोडा ओता. बुडबुडे येतात, ठसका तोच, आणि आंबवणं नाहीच.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी ताई, आलं बेण्यातलं नव्हतं. सासऱ्यांना फोन करून खात्री केली, ते जेवणासाठी वेगळं ठेवलेलंच होतं. तरी चौथी खेप ओतली. बेदाण्याच्या पाकिटाचा वास पुन्हा घेतला, आता सांगितल्यावर काडीपेटीसारखा वास लगेच कळला.

चौकोनी बाटल्या भंगारात दिल्या. धाकटीला आजवर अर्धा-अर्धा पेला देत होतो, तो बंद. उकळून गार केलेल्या पाण्यात साधी साखर घालून नवं विरजण लावलं होतं, आज चौथ्या दिवशी कडेला फेस आला. दुपारी एक लिटरच करून प्लास्टिकच्या दोन बाटल्या भरल्यात. आत्ता रात्री साडेनऊला दाबून पाहिल्या, अजून चेपतायत. पहाटे उठून परत बघतो.

आत्यासाठी सोड्याचं ठरलं. तिला फोनवर दोन्ही प्रकार समजावून सांगितले, ती म्हणाली, "मला गूळ जरा कमी घाल."