कोयत्याचे वार आणि घरातली तडजोड: शिक्षा टळते का?

प्रश्न: जमिनीच्या वादातून माझ्या चुलत भावाने स्वतःच्या वडिलांवर आणि बहिणीवर कोयत्याने वार केले, खुनाच्या प्रयत्नाचा दोष सिद्ध झाला असून आता शिक्षेवर सुनावणी आहे. काका म्हणतात, पोटचा पोर आहे, मिटवून टाकू. बहिणीची बोटे अजून मिटत नाहीत, तिला भाकरी थापता येत नाही. तडजोडीने शिक्षा माफ होईल का?

उत्तर १: नाही. भारतीय न्याय संहितेचे खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचे ३०७) तडजोडपात्र नाही आणि इजा झाली असल्यास जन्मठेपही होऊ शकते. मात्र शिक्षेचे प्रमाण ठरवताना समेट विचारात घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ईश्वर सिंग प्रकरणात म्हटले आहे.

उत्तर २: काकांची माया समजते, पण त्यांची क्षमा ही बहिणीची क्षमा नव्हे, आणि घरचे लोक नेमके हेच विसरतात. तिच्या हाताचे वैद्यकीय कागद सरकारी वकिलांमार्फत न्यायालयासमोर ठेवावेत आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या प्रक्रियेचा कायदा) कलम ३९५ नुसार भरपाई मागावी. कच्च्या कैदेचा काळ मुदतीच्या शिक्षेतून वजा होतो, हेही काकांना सांगावे.