१३ वर्षांच्या मुलीला काय वाचायला देऊ?

वाचनवेडी:
भाचीने अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचून संपवली, दोन दिवस गप्प गप्पच होती, आता म्हणते मावशी अजून असलं काहीतरी दे. जुलमी राजवटीत वाढणाऱ्या मुलींच्या कादंबऱ्या सुचवा ना. फक्त मुलगी नुसती सोसत बसलीय आणि शेवटी कुणीतरी येऊन सोडवतं असं नको, तिने स्वतः काही ठरवलेलं हवं. मराठी किंवा सोपं इंग्रजी चालेल.

निळी शाई:
डेबोरा एलिसचं 'द ब्रेडविनर', डोळे झाकून द्या. मराठीत अनुवाद आहे. तालिबानच्या राज्यातलं काबूल, ११ वर्षांची परवाना, वडलांना उचलून नेतात आणि घराबाहेर पडू शकेल असं कुणी उरतच नाही, मग ही केस कापून, मेलेल्या भावाचे कपडे घालून बाजारात बसते, लोकांची पत्रं वाचून द्यायला. एकदा एक तालिबानी येतो, बायको वारलीय, तिच्या सामानात सापडलेलं पत्र घेऊन, त्याला वाचता येत नाही. ती वाचते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. तिथे मी पुस्तक मिटून बसले. वडलांना नेणारे याच्यासारखेच, आणि हा समोर रडतोय, एवढ्याशा पोरीने काय समजायचं? लेखिका काही समजावत बसत नाही हे फार आवडलं.

पानगळ:
+१. ज्युलिया अल्वारेझचं 'बिफोर वी वर फ्री' पण बघा (इंग्रजी). डॉमिनिकन रिपब्लिक, १९६०-६१, ट्रुहियोची हुकूमशाही. अनिता १२ वर्षांची, इतकी बडबडी की घरचे तिला पोपटच म्हणतात, आणि घरावर पाळत सुरू झाल्यावर हळूहळू तिला बोलताना साधे शब्द आठवेनासे होतात. डायरी पेन्सिलने लिहायची आणि खोडायची, कुणाच्या हाती लागू नये म्हणून! बाकी धरपकड वगैरे सगळं आहे पण मला तिचं ते गप्प होणं जास्त लागलं. यात ट्रुहियोला विरोध करणाऱ्या मिराबल बहिणींचा उल्लेख येतो, त्या खऱ्या होत्या, २५ नोव्हेंबर १९६० ला त्यांच्यातल्या तिघींना मारलं, भाचीला आधी सांगून ठेवा.

निळी शाई:
रूटा सेपेटिसचं 'बिटवीन शेड्स ऑफ ग्रे' मात्र इतक्यात नको. १९४१, सोव्हिएत राजवटीने लिथुआनियातून सायबेरियाला नेलेली १५ वर्षांची लिना, तिची चित्रं, सुंदर आहे पण त्यात बाळंतिणीला दवाखान्यातून थेट ट्रेनमध्ये चढवतात आणि बाळ जातं. दोन वर्षांनी द्या, नाहीतर सोबत बसून वाचा.

वाचनवेडी:
खूप आभार दोघींचे! आधी मराठी ब्रेडविनर घेते, म्हणजे तिच्या आजीलाही वाचता येईल, दोघी रात्री एकत्रच वाचतात.