‘रक्त पातळ’ म्हणजे नेमकं काय?

येळ्ळूरची लेक
आमच्या गावातल्या आशाताईंसाठी एका कन्नड पत्रकाचं मराठी करतेय. रक्तात तांबड्या पेशी किती आहेत, त्यावर अंगाला ऑक्सिजन किती पोचतो ते ठरतं, असा विषय. पहिल्याच ओळीत अडले. मी लिहिलं, ‘तांबड्या पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होतं.’ आमच्याकडं सगळे असंच म्हणतात. आईनं वाचलं आणि विचारलं, ‘मग बाबांना रक्त पातळ व्हायची गोळी कशाला दिलीय?’ बाबांना स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायची जाळी, बसवलाय. त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गोळी घेतलीच नाही. म्हणाले, आधीच धाप लागते, त्यात रक्त आणखी पातळ कशाला करू? समजावून परत सुरू केली, पण तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. ‘पातळ’ काढून काय घालू? आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ला, म्हणजे ठरावीक रक्तात एखादी गोष्ट किती आहे त्याला, ‘संहती’ चालेल का?

लॅबमधली अक्का
बाबांना सांग, ती गोळी रक्तात पाणी घालत नाही. पेशी तेवढ्याच राहतात, त्यांच्यातलं ऑक्सिजन धरणारं हिमोग्लोबिनही तेवढंच. फक्त गुठळी लवकर होऊ देत नाही. डॉक्टरांना न विचारता ती कधीच बंद करायची नाही. मी पेशंटला ‘गुठळीची गोळी’ म्हणते.

धाप लागते ती दुसऱ्या ‘पातळ’नं, म्हणजे पेशी कमी झाल्या की. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिली ऑक्सिजन धरतं. 100 मिली रक्तात हिमोग्लोबिन 15 ग्रॅम असेल तर त्यात 20 मिली ऑक्सिजन मावतो, साडेसातवर आलं की 10. नुसता विरघळून जाणारा जेमतेम 0.3 मिली, म्हणजे सगळा भार पेशींवरच. बोटाला लावायचं यंत्र 98 दाखवतं आणि तरी बाई जिन्यावर बसते, ते यामुळं. हिमोग्लोबिनच्या गाड्या ऑक्सिजननं भरल्यात की नाही एवढंच ते यंत्र सांगतं, गाड्या किती आहेत ते नाही.

निपाणीचा मास्तर
‘संहती’ मी वर्गात शिकवतो, पण गावच्या पत्रकात ती कोण वाचणार? ‘सांद्रता’ तर नकोच. हिंदीत ती कॉन्सन्ट्रेशन, आणि कन्नडात ‘सांद्रते’ म्हणजे आपली घनता. इथली मुलं तिन्ही भाषा वाचतात, त्यांचं काय होईल? सरळ ‘दाटपणा’ लिहा. गुऱ्हाळात रस आटतो तसा दाट होतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

लॅबमधली अक्का
सर, दाट म्हटलं की लोकांना ते चांगलंच वाटतं, दाट दुधासारखं. तसं नसतं. रक्तातला पेशींचा वाटा 45 टक्क्यांच्या आसपास असला की ठीक. तो 60 कडं गेला तर थेंबागणिक ऑक्सिजन जास्त, पण रक्त काकवीसारखं हळू सरकतं, हृदयाला ढकलताना जड जातं आणि एकूण पोच उलट घटते.

‘आटणं’ मात्र मला आवडलं. डेंग्यूत कधी कधी रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं. पेशी वाढलेल्या नसतात, तरी रिपोर्टातला हा वाटा चढतो. त्याला रक्त आटलं म्हणावं. गरोदरपणात बरोब्बर उलट. पेशी वाढतात, पण पाणी त्याहून जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. गरोदर बाईला 11 च्या खाली आणि एरवी बाईला 12 च्या खाली ॲनिमिया धरतात, ते त्यामुळंच.

शहापूरकर वैनी
‘रक्त आटवणं’ म्हणजे आमच्या आईनं मागावर बसून आम्हाला वाढवलं ते. तो शब्द रिपोर्टात नेऊ नका, माझी विनंती आहे.

आणि ‘टक्के’चं काय ते बघा. माझं हिमोग्लोबिन 9 आलं तेव्हा लॅबवाला म्हणाला, ‘नऊ टक्के.’ आमच्या आज्जी रडायलाच लागल्या. शंभरातलं नऊच रक्त उरलं, असं त्यांना वाटलं.

लॅबमधली अक्का
ते ‘ग्रॅम टक्के’ आहे वैनी, 100 मिलीत 9 ग्रॅम. बोलताना ‘ग्रॅम’ गळतो. चूक आमचीच.

सध्या पुण्यात, मूळ खानापूर
‘ऑक्सिजन’ का? ‘प्राणवायू’ आपला शब्द आहे. सीमाभागात मराठी टिकवायची तर निदान पत्रकात तरी टिकवा. ‘तांबड्या पेशी’ लिहिलंत ते उत्तम. ‘लाल’ फारसी आहे.

निपाणीचा मास्तर
प्राणवायू मलाही प्रिय, पण आयुर्वेदात प्राण हा पाच वायूंपैकी एक, तो वेगळा. कन्नडातला ‘आम्लजनक’ बघा. सगळ्या आम्लांत हा वायू असतो, असं फ्रेंच शास्त्रज्ञ लावॉझियेला वाटलं, म्हणून त्यानं ‘आम्ल जन्माला घालणारा’ असं नाव दिलं. समज चुकीचा ठरला, तरी नाव राहिलं. ऑक्सिजनचाही अर्थ तोच. कोविडपासून गावात सिलिंडरला सगळे ऑक्सिजनच म्हणतात, तोच ठेवा.

‘तांबडा’ मात्र गमतीचा. तो ताम्रावरून, म्हणजे तांब्यावरून आला, आणि आपल्या रक्तात काम करतं लोह. तांबं असतं खेकड्याच्या रक्तात, आणि ते निळसर दिसतं. पण संस्कृतात ‘लोह’सुद्धा आधी तांबूस धातूला म्हणत, लोखंडाला नंतर. ‘लोहित’ म्हणजे तांबडं, आणि रक्तही. मला वाटतं जुन्या लोकांनी रंगावरूनच नाव ठेवलं असावं.

सध्या पुण्यात, मूळ खानापूर
मग ‘लोहितपेशी’ का नको?

शहापूरकर वैनी
आशाताई ते दारात उभं राहून म्हणून दाखवणार आहे का?

येळ्ळूरची लेक
सगळ्यांचे आभार. पत्रक सोमवारी द्यायचंय. तूर्त ‘पातळ’ काढून ‘रक्त कमी असणं’ लिहिलंय, आणि संहतीच्या जागी ‘100 मिली रक्तात किती’. बाबांच्या डबीवर ‘गुठळीची गोळी’ अशी चिठ्ठी लावली.

शहापूरकर वैनी
‘रक्त कमी’ वाचलं की आमच्या सासूबाई विचारतात, ‘किती बाटल्या चढवायच्या?’ पेशी कमी म्हणजे रक्तच कमी, असं होतंय बघ त्यात.

लॅबमधली अक्का
खरंय. ‘हिमोग्लोबिन कमी’ लिहून बघ ना. आता सगळ्यांच्या तोंडी ‘एचबी’ आहेच.

सध्या पुण्यात, मूळ खानापूर
एचबी! आणि आपण इतका वेळ मराठी शब्द शोधत होतो?