हुकूमशहा गेल्यावर परागंदा समाजाला परतीची वाट मिळते का?

खानापूरकर:
नमस्कार. थंडी पडू लागली की मुंडगोडच्या वसाहतीतील तिबेटी कुटुंबे बेळगावात स्वेटर विकायला येतात, हे आपण सारे पाहतोच. यंदा मुलीसाठी स्वेटर घेताना दुकानातील बाईंशी बोलणे झाले. त्यांचा जन्म मुंडगोडचा. तिबेट त्यांनी पाहिलेला नाही. सप्टेंबर १९७६ मध्ये माओ गेल्याची बातमी आली तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या वडिलांनी त्याच रात्री पत्र्याची ट्रंक काढून कपडे, भांडी, देवाची मूर्ती असे सारे भरून ती दाराशी ठेवली. आज त्या ट्रंकेत न खपलेले स्वेटर असतात. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही: ज्याच्यामुळे देश सोडावा लागला तो सत्ताधीश मेल्यावर अशा लोकांना खरोखर परतता येते का, आणि येत असेल तर कशाच्या बळावर? जाणकारांनी कृपया लिहावे.

वडगावचा वाचक:
आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण स्पेनचे आहे. १९३९ मध्ये यादवी युद्ध हरल्यावर लाखो प्रजासत्ताकवादी फ्रान्समध्ये गेले आणि त्यांतील कित्येक जण पुढे मेक्सिकोत स्थायिक झाले. त्यांचे परदेशातील सरकार अडतीस वर्षे टिकले. युद्ध जिंकून हुकूमशहा झालेला फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला, पण प्रजासत्ताक काही परत आले नाही. फ्रँकोनेच नेमलेला वारस, हुआन कार्लोस, गादीवर बसला आणि त्याच राजवटीत वाढलेल्या पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ यांनी १५ जून १९७७ ची निवडणूक घडवून आणली. ती होताच आठवड्याच्या आत परदेशातील सरकारने स्वतःचे विसर्जन केले. समाजवादी पक्षाची सूत्रे तर फ्रँको जिवंत असतानाच, ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसजवळच्या सुरेन येथील अधिवेशनात, देशात राहून काम करणाऱ्या फेलिपे गोन्झालेझ यांच्याकडे गेली होती. बाहेर राहून निष्ठा जपणाऱ्यांपेक्षा आत राहून माणसे जोडणारे पुढे गेले, हे मला आजही चटका लावणारे वाटते.

अपवाद कॅटलोनियाचा. तेथील जुन्या प्रांतिक सरकारचे अध्यक्षपद जोसेप तारादेल्यास यांनी १९५४ पासून फ्रान्समध्ये, हाती कसलीही सत्ता नसताना, सांभाळले. १९७७ च्या निवडणुकीत त्या प्रांतात डाव्यांची सरशी झाली, तेव्हा सुआरेझ यांना बोलणी करण्यासाठी सर्वांना मान्य होईल असा माणूस हवा होता, म्हणून तारादेल्यास यांना बोलावले गेले. २३ ऑक्टोबरला बार्सिलोनात सज्जावरून ते म्हणाले, “कॅटलोनियाच्या नागरिकांनो, मी आलो आहे.”

कॅसलरॉकचा नातू:
वडगावकरांचे म्हणणे पटते, पण बेळगावच्या माणसाने गोव्याची आठवण आधी काढायला हवी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या पोलिसांना चुकवून आलेले गोमंतकीय आपल्याच भागात आश्रयाला होते, आणि वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी गुप्त रेडिओ केंद्र आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून १९६१ पर्यंत चालवले. माझी आजी सांगत असे की काही रात्री दोन-तीन माणसांच्या भाकऱ्या जास्त थापायच्या आणि कोणासाठी हे विचारायचे नाही.

त्यांची सुटका कोणाच्या मृत्यूने झाली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती सैन्याने केली. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे मात्र त्यानंतरही, जानेवारी १९६९ पर्यंत, पोर्तुगालच्याच तुरुंगात होते. सालाझार १९६८ मध्ये आजारपणाने पदावरून गेला, १९७० मध्ये वारला, तरी त्याच्या जागी आलेल्या काएतानोच्या हाताखाली राजवट तशीच चालली. ती कोसळली २५ एप्रिल १९७४ रोजी, आफ्रिकेतील न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला तेव्हा. तीनच दिवसांत पोर्तुगालचे समाजवादी नेते मारिओ सोआरेस फ्रान्समधला विजनवास संपवून रेल्वेने लिस्बनला उतरले, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर यशवंतराव चव्हाणांच्या बरोबरीने सही केली ती याच सोआरेस यांनी. म्हणून माझे मत असे की माणूस मरतो त्या दिवसाकडे डोळे लावून बसू नये. ज्यांच्या जोरावर तो टिकला होता ते कधी फुटतात, तिकडे पाहावे.

हल्याळवासी:
माओनंतर तिबेटचे दार किलकिले झाले होते, हे नोंदवायला हवे. १९७९ मध्ये दलाई लामांचे पहिले शिष्टमंडळ तिबेटात जाऊ शकले, आणि त्याला पाहायला लोक रडत, कपड्यांना हात लावत लोटले. मे १९८० मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हू याओबांग ल्हासाला आले, तेथील हलाखी त्यांनी उघडपणे मान्य केली आणि काही सवलती दिल्या. पण सत्ता त्याच पक्षाची होती. १९८७ मध्ये हू यांना पद सोडावे लागले आणि मार्च १९८९ मध्ये ल्हासात लष्करी कायदा आला. इकडे मात्र या समाजाने १९६० पासून आपले प्रतिनिधी निवडून दिले आहेत, आणि २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपवले. मुंडगोडलाही मतदान होते.

खानापूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. आज पुन्हा बाजारात जाऊन बाईंना मतदानाविषयी विचारले. त्यांनी गल्ल्यातून त्यांच्या समाजाचे हिरवे पुस्तक काढले आणि दर वर्षी भरलेल्या वर्गणीच्या नोंदी मला एकेक करून दाखवल्या. ट्रंक रिकामी कधी केली, हेही विचारले. शिष्टमंडळाने पाहिलेल्या ल्हासाची हकीकत मुंडगोडला पोहोचली, त्या रात्री वडिलांनी ती स्वतःच्या हातांनी उपसली. मूर्ती तेवढी परत आत ठेवली. ती अजून स्वेटरांच्या खाली आहे.