मोटरहोमच्या बॅटऱ्या बदलण्याची मजुरी बॅटऱ्यांच्या तिप्पट, काय करावे?

प्रश्न: ग्रँडरॅपिड्सकर

नमस्कार. आमच्याकडे फोर्ड ई-४५० गाडीच्या सांगाड्यावर बांधलेले २०१६ सालचे मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) आहे. दिवे, पंप आणि हीटर चालवणाऱ्या सहा व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या (जोडून १२ व्होल्ट, २२० अँपिअर-तास) दारातल्या पायरीखालच्या कप्प्यात आहेत आणि त्यांना सहा वर्षे झाली. गेल्या ऑक्टोबरमध्ये लेक सुपिरियरच्या काठी, विजेची जोडणी नसलेल्या तळावर मुक्काम असताना पहाटे तीन वाजता हीटरचा पंखा फिरत राहिला, पण ज्योत पेटेना. माझे वडील सोबत होते आणि झोपेत श्वास सुरळीत ठेवणारे त्यांचे सीपॅप यंत्रही याच बॅटऱ्यांवर चालते, त्यामुळे पुढच्या सहलीपूर्वी हा प्रश्न कायमचा सोडवायचा आहे.

एका गॅरेजने ३,८०० डॉलरचे कोटेशन दिले आहे. १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या बाकाखाली बसवण्याचे ठरवून त्यांनी बॅटऱ्यांचे ७००, बाहेरच्या विजेवर किंवा जनरेटरवर बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरचे ३००, अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी चार्जरचे ३००, बॅटरीतून किती अँपिअर-तास गेले ते मोजणाऱ्या शंट मीटरचे १३०, केबल व फ्यूजचे २७० आणि १२ तासांच्या मजुरीचे २,१०० डॉलर लावले आहेत. जुन्याच प्रकारच्या दोन बॅटऱ्या मात्र २६० डॉलरमध्ये मिळतात आणि त्या मी स्वतः बसवू शकतो. आपला सल्ला हवा आहे.

उत्तर १: ओहायोतील_भटक्या

ज्योत न पेटण्याचे कारण बॅटरीच आहे. व्होल्टेज उतरले की पंख्याचा वेग कमी पडतो, पुरेशी हवा वाहत नसल्याने सुरक्षेचा स्विच जुळत नाही आणि हीटर गॅस पेटवत नाही. पंखा मात्र उरलीसुरली बॅटरीही संपवतो.

वर्षातील बहुतेक रात्री वीजजोडणी असलेल्या तळांवर जात असतील, तर लेड-ॲसिडच घ्यावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. फक्त दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहत राहावे आणि हिवाळ्यात त्या पूर्ण चार्ज करूनच ठेवाव्यात, कारण उतरलेल्या बॅटरीतले पाणी मिशिगनच्या थंडीत गोठून कवच फुटते.

उत्तर २: पुणे_ते_कोलोरॅडो

वरील सल्ला वीजजोडणीच्या तळांसाठी योग्य आहे, परंतु आपला प्रश्न वीज नसलेल्या रात्रीचा आहे, म्हणून आधी त्या रात्रीचा हिशेब मांडू. हीटरचा पंखा साधारण ८ अँपिअर घेतो आणि दहा तासांच्या थंड रात्रीत तो निम्मा वेळ चालला, तरी ४० अँपिअर-तास जातात. दिवे, पंप, फ्रिजचे नियंत्रण आणि गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र मिळून आणखी २५ धरा. सीपॅप इन्व्हर्टरवर, पाणी गरम करणाऱ्या ह्युमिडिफायरसह चालवले तर ५० सहज लागतील. लेड-ॲसिडचे आयुष्य टिकवायचे असेल, तर निम्मी क्षमताच वापरावी लागते. म्हणजे नव्या बॅटऱ्यांतूनही ११० अँपिअर-तासच मिळतात आणि आपली गरज ११५ ची आहे. लिथियमच्या दोन बॅटऱ्यांतून १६० ते १८० निर्धास्तपणे घेता येतात.

आता मजुरी. बारा तास बॅटऱ्या बसवायला लागत नाहीत. बाकाखालपर्यंत जाड केबल नेणे आणि डीसी-डीसी चार्जरसाठी इंजिनपर्यंत वायर ओढणे, यातच बहुतेक वेळ जातो. बाकाखालची जागा त्यांनी सुचवली, कारण शून्य अंशाखाली लिथियम चार्ज केल्यास ती कायमची बिघडते. परंतु स्वतःला ऊब देऊन मगच चार्ज घेणाऱ्या बॅटऱ्या थोड्या जास्त किमतीत मिळतात आणि त्या पायरीखालीच राहू शकतात. आपल्याकडे जनरेटर असेल, तर डीसी-डीसी चार्जरही सध्या वगळता येईल, कारण ६० अँपिअरचा नवा कन्व्हर्टर जनरेटरवर दोन तासांत रात्रीचा बहुतेक खर्च भरून काढतो. कन्व्हर्टर मात्र वगळू नये, कायम १३.६ व्होल्ट देणारा जुना कन्व्हर्टर लिथियमला फार सावकाश चार्ज करतो.

उत्तर ३: टोरांटोची_अभियंता

डीसी-डीसी चार्जर वगळल्यास अल्टरनेटरकडून येणारी जुनी जोडणी काढून तिचे टोक बंद करणे अत्यावश्यक आहे. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरकडून सतत मोठा प्रवाह ओढते आणि तो तापून जळू शकतो. ही जोडणी काढल्यावर इंजिनची बॅटरी उतरली असता दिवे-पंप चालवणाऱ्या या बॅटऱ्यांवरून इंजिन सुरू करण्याची सोय राहणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

फ्यूजमध्ये काटकसर करू नये. शॉर्टसर्किट झाल्यास लिथियममधून हजारो अँपिअर वाहतात, म्हणून टी वर्गाचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. अनेक मोटरहोममध्ये १२ व्होल्टची काळी वायर धन आणि पांढरी ऋण असते. वाहनांच्या सवयीने काळी म्हणजे ऋण समजणाऱ्यांनी उपकरणे जाळलेली मी पाहिली आहेत. सोडवण्यापूर्वी मीटर लावून पाहा आणि छायाचित्रे काढून ठेवा.

ग्रँडरॅपिड्सकर

आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. डॉक्टरांना विचारले असता, वडिलांनी ह्युमिडिफायर काही रात्री बंद ठेवला तरी चालेल, असे त्यांनी सांगितले. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर यंत्र थेट चालवून मोजले, तेव्हा रात्रभरात २० अँपिअर-तासच लागले. गाडीत जनरेटर आहे, म्हणून डीसी-डीसी चार्जर वगळला आणि पायरीखालच्या कप्प्याचे माप घेऊन, तिथे बसतील अशा ऊब देणाऱ्या दोन बॅटऱ्या निवडल्या. गॅरेजने नव्या कोटेशनमध्ये पाच तासांची मजुरी, म्हणजे ८७५ डॉलर सांगितली असून बॅटऱ्यांचे ९००, कन्व्हर्टरचे ३००, शंटचे १३० आणि केबल व टी वर्गाच्या फ्यूजचे २२० धरून एकूण २,४२५ डॉलर होतात. काम झाल्यावर वडिलांना तळावर नेण्याआधी एक रात्र मी स्वतः घरासमोर, बाहेरची वीज काढून, गाडीत झोपून पाहणार आहे. शंटवरील आकडे इथे लिहीन.