पर्शियन मांजर घ्यावं का? शनिवारपर्यंत सांगायचंय, मदत हवी आहे

शेवंती_७
मुलगी (वय ९) सहा महिने मागे लागलीये. एकाकडे पांढरं डॉल फेस पर्शियन पिल्लू आहे, १४ हजार सांगतोय. शनिवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. आमच्याकडे याआधी कधी मांजर नव्हतं. घ्यावं की नको एवढंच सांगा. 'दत्तक घ्या' हे प्रवचन कृपया नको.

परळचा_बोका
घर केवढं? कितवा मजला? दिवसभर घरी कोण? एसी? यातलं एकही न सांगता घ्यावं की नको कसं सांगणार?

मोरावळा
आमची मनी पर्शियनच, अकरा वर्षं होती. रोज पंधरा मिनिटं विंचरणं, आणि रोज म्हणजे रोज. स्टीलच्या दातांचा कंगवा, आधी मोठ्या दातांचा, मग बारीक. गणपतीत गावाला गेलो, शेजारणीनं फक्त खायला घातलं. दहा दिवसांनी परत आलो तर खाकेत आणि मागच्या पायांच्या आत नारळाच्या काथ्यासारख्या जटा. ओढलं की मनी ओरडायची. शेवटी डॉक्टरांकडे नेऊन मशीननं काढाव्या लागल्या, खालची कातडी लालबुंद. शिवाय डोळ्यांतून पाणी येऊन नाकाशी तपकिरी ओघळ, ते रोज ओल्या कापसानं पुसायचे. नऊ वर्षांची मुलगी हे महिनाभर करेल, पुढे तुम्हीच.

तिरकस_तात्या
१४ हजार! आमच्या चाळीत कोळणीच्या पाटीमागून मांजर आपोआप घरी यायचं. फुकट.

मोरावळा
तात्या, त्यांनी प्रवचन नको म्हटलंय.

तिरकस_तात्या
हे प्रवचन नाही, भाव सांगितला.

शेवंती_७
कांदिवली, वन बीएचके, चौदावा मजला. आम्ही दोघं आठला निघतो, सासूबाई घरी असतात. एसी बेडरूममध्ये. आता सांगा.

जाळीवाला_नाही
चौदावा मजला आधी सांगायचात ना! कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं. स्लायडिंग खिडकीची फटसुद्धा पुरते. 'मांजर पायावरच पडतं' म्हणून कोणी धीर दिला तर ऐकू नका, पायावर पडूनही जबडा आणि छाती फुटते. स्टीलची जाळी, सगळ्या खिडक्यांना. हा खर्च १४ हजारात धरलेला नाही.

सेक्रेटरीचा_जावई
सोसायटी पाळू देते का ते आधी बघा.

परळचा_बोका
सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

सेक्रेटरीचा_जावई
तत्त्वं कागदावर. आमच्याकडे लिफ्टवरून जे रामायण झालं…

परळचा_बोका
त्याचा वेगळा धागा काढा.

शेवंतीताई, पिल्लाच्या आईबापांची पीकेडीची तपासणी झालीये का विचारा. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, पर्शियनमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि आनुवंशिक आहे. दोघांपैकी एकाला असला तरी प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. डीएनए तपासणीत कळतं. रिपोर्ट मागितल्यावर समोरचा काय बोलतो ते नीट ऐका. पिल्लू किती आठवड्यांचं आहे तेही विचारा.

शेवंती_७
रिपोर्ट विचारला. 'मॅडम, पिल्लू एकदम हेल्दी आहे' म्हणाला. सोसायटीचा प्रश्न नाही, घर भाड्याचं आहे, मालक पुण्याला असतात, त्यांना कळणार नाही. सासूबाईंना मांजरं आवडतात. फक्त त्यांना दम्याचा पंप लागतो, पण तो धुळीसाठी.

मोरावळा
अहो ताई!! हे सातव्या ओळीत?

वैद्यकन्या
लांब केस अंगालाच चिकटून राहतात, त्यामुळे पर्शियनचा दम्याला त्रास कमी. माझ्या मावशीचा अनुभव.

परळचा_बोका
मावशींना नमस्कार, पण त्रास केसांचा नसतोच. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं. अंग चाटलं की ते केसांवर वाळतं आणि कोंड्याबरोबर घरभर उडतं. पर्शियन असो की गल्लीतला बोका, ते असतंच. वन बीएचकेमध्ये सासूबाई जाणार कुठे? त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

ससा_सशक्त
ससा घ्या. आवाज नाही, काही नाही.

जाळीवाला_नाही
ससा वायरी कुरतडतो. वर दम्याला तोही चालेलच असं नाही.

मोरावळा
आणखी एक. मे महिन्यात मनी बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पडायची. चपटं नाक, वर एवढी लोकर. दुपारी हॉलमध्ये एसी नसेल तर अवघड आहे. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. आणि केस वरणात सापडतात, हे कोणी सांगत नाही.

शेवंती_७
सगळ्यांचे आभार (तात्यांचेही). रविवारी नणंदेच्या मैत्रिणीकडे सासूबाईंना घेऊन गेलो, तिच्याकडे पर्शियन आहे. अर्ध्या तासात डोळे लाल, आणि रिक्षात पंप. तरी उतरताना म्हणाल्या, 'पोरीला म्हणू नको माझ्यामुळे.' पिल्लूवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. तो म्हणतो अजून दोन दिवस थांबतो, बारा करतो. म्हणजे दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच! मुलीला सध्या खालच्या वॉचमनच्या बोक्याला खायला घालायची परवानगी दिलीये.

नवा_पाहुणा
ताई, बाराला देत असेल तर त्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा ना.

मोरावळा
घर केवढं? कितवा मजला?