जपानच्या राजकीय इतिहासात पीएचडी, एन२ पुरेल का?

उंबरठा: इतिहासात एमए झालंय, जपानी एन२ पर्यंत, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतली सर्वात वरच्या एन१ च्या खालची पातळी. १९२५ मध्ये काटो ताकाआकीच्या सरकारने कर भरण्याची अट काढून २५ वर्षांवरच्या पुरुषांना मतदानाचा हक्क दिला आणि त्याच अधिवेशनात शांतता रक्षण कायदाही पास केला, म्हणजे एका हाताने मत द्यायचं आणि दुसऱ्या हाताने विचार करणाऱ्याला आत टाकायची सोय करायची, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचतच नाहीये. यावरच पीएचडी करायची आहे. भाषा कितपत लागेल?

जुनीपत्रं: एन१ हवंच, पण खरी कसोटी त्यानंतर. त्या काळचे पुढारी ब्रशने पत्रं लिहायचे, तीही सोरोबुन म्हणजे जुन्या पत्रशैलीत. वाक्याच्या शेवटी येणारं ‘सोरो’ हे अक्षर हातघाईत नुसता एक ठिपका होऊन जातं, तो शाईचा डाग समजून मी कितीतरी वेळा पुढे गेले! पहिल्या पत्राच्या तीन ओळींना अख्खी दुपार गेली. तोक्योत नागाताचोला राष्ट्रीय संसद ग्रंथालय आहे ना, तिथल्या केन्सेई शिर्योशित्सुमध्ये म्हणजे राजकीय इतिहासाच्या कागदपत्रांच्या दालनात अशी पत्रं, डायऱ्या भरपूर आहेत. गाईड निवडताना एकच विचारा, तुमच्याकडे हस्तलिखित वाचायचा गट बसतो का? एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि चुकलं की तिथल्या तिथे कळतं, एकट्याने हे येत नाही हो.

सावकाश: प्रश्न छान आहे पण थोडा मागे जा. १९२० मध्ये याच मताधिकाराच्या मागणीवर तेव्हाचा पंतप्रधान हारा ताकाशीने संसदेचं कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं होतं, त्याची डायरी छापील मिळते, तिथून सुरुवात कर. आणि १९२५ च्या जानेवारीतच सोव्हिएत युनियनशी संबंध सुरू झाले, त्यातून आलेल्या साम्यवादाच्या भीतीचा धागा सोडू नकोस. जुन्या संसदेची कामकाज नोंद ऑनलाइन आहे, जाकार या जपानी सरकारी कागदपत्रांच्या ऑनलाइन संग्रहावर मंत्रिमंडळाचे, परराष्ट्र खात्याचे कागदही फुकट बघता येतात. नोकरीचं मात्र स्पष्ट सांगतो, कायम जागा थोड्या, पीएचडीनंतर बरेच जण हिजोकिन म्हणजे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात, मीही त्यातलाच. तरी विषय सोडवत नाही.

उंबरठा: दोघांचे खूप आभार. जाकारवर १९२५ चे कागद उघडलेत, पहिल्याच पानावर अडकलेय, फोटो टाकते, तो ठिपका ‘सोरो’च आहे का सांगाल?